सीतेची आसवं बघायला जाताय तर

अरे नवीन आहेस म्हणून सांगतो, साताऱ्याजवळच्या कास पठारावर सप्टेंबरात गेलास की ती निळीजांभळी बोटाच्या पेरापेक्षा बारकी फुलं दिसतील ना, ती सीतेची आसवं, पण ह्या एकाच नावाखाली सारख्या दिसणाऱ्या दोन-तीन जाती खपतात म्हणून शास्त्रीय नाव पण लिहून ठेव, युट्रिक्युलारिया हे सगळ्यांच्या गटाचं नाव, त्यापुढे नेमक्या जातीचं. फोटो समोरून एक आणि बाजूनं एक घे, फुलाच्या मागची शेपटी दिसली पाहिजे, ओळख पटवायला तीच कामाला येते. उपटून मुळं बघू नकोस हं, खरी मुळं त्याला नसतातच, मातीत बारीक फुगे असतात, त्यात सूक्ष्म जीव ओढून खातं ते. एवढुसं फूल आणि मांसाहारी! आणि कातळावर पाय बघून टाक, प्लीज.