उतारवयातली बदली: इचिरो, आरन आणि बेब रूथ

तुम्ही विचारलंय की उमेदीची वर्षं एकाच संघात काढलेला बेसबॉलपटू शेवटी दुसरीकडे का जातो, पैशासाठीच ना? मला तसं वाटत नाही.

जपानी बॅटर इचिरोचंच बघा. २३ जुलै २०१२. न्यूयॉर्क यँकीज सिअ‍ॅटलला खेळायला आलेले, आणि त्याच दिवशी सिअ‍ॅटल मरिनर्सनी आपला लाडका इचिरो त्यांना देऊन टाकला. बदल्यात दोन तरुण पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे. गड्याला गावही सोडावं लागलं नाही, फक्त समोरच्या डगआउटमध्ये, म्हणजे दुसऱ्या संघाच्या बाकावर, जाऊन बसायचं! पाठीवर ५१ ऐवजी ३१, कारण यँकीजमध्ये ५१ म्हणजे त्यांचा जुना तारा बर्नी विल्यम्स. इचिरो पहिल्यांदा बॅटिंगला आला तेव्हा प्रेक्षक उभे राहिले. त्याने हेल्मेट काढलं, कमरेत वाकून नमस्कार केला. मग सिंगल मारली, म्हणजे फटका मारून पहिला बेस गाठला, आणि लगेच दुसरा बेस चोरला, म्हणजे फटक्याची वाट न बघता पळत गाठला, तोही जुन्या घरच्यांविरुद्ध. ती क्लिप मी किती वेळा पाहिली असेल, मोजलं नाही.

बदली त्याने स्वतःच मागितली होती. मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेत, दहा वर्षं आणि त्यातली शेवटची सलग पाच एकाच संघात झाली, की तुमच्या होकाराशिवाय तुमची अदलाबदल होत नाही. म्हणजे अशा म्हाताऱ्याला कुणी ढकलून देत नाही.

हँक आरनचं कारण अगदी व्यवहारी. १९७४ मध्ये त्याने बेब रूथचा ७१४ होमरनचा (क्रिकेटमधल्या षटकारासारखे फटके) विक्रम मोडला आणि पुढच्या मोसमात मिलवॉकी ब्रूअर्सकडे गेला. ब्रूअर्स तेव्हा मेजर लीगच्या दोन गटांपैकी अमेरिकन लीगमध्ये होते, आणि तिथे १९७३ पासून एकाला फील्डिंग न करता नुसती बॅटिंग करता येत होती. चाळिशीतल्या गुडघ्यांना आणखी काय हवं? शिवाय मिलवॉकी त्याचं जुनंच गाव, १९५४ ते १९६५ तो तिथेच खेळला होता, तेव्हा त्याचा ब्रेव्ह्ज संघ तिथे होता. शेवटचा, ७५५वा होमरनही तिथलाच.

फसला तो रूथ. त्याला मॅनेजर, म्हणजे मैदानावर संघ चालवणारा, व्हायचं होतं. १९३५ मध्ये बॉस्टन ब्रेव्ह्जनी असिस्टंट मॅनेजर, व्हाइस प्रेसिडेंट अशी भारदस्त पदं दाखवली. खरी गरज होती तिकिटं खपवणाऱ्या नावाची. चाळिशीचा, सुटलेला देह, बॅटिंगची सरासरी जेमतेम ०.१८१. आणि तरी २५ मे रोजी पिट्सबर्गमध्ये एकाच सामन्यात तीन होमरन! तिसरा उजवीकडच्या स्टँडचं छप्पर ओलांडून मैदानाबाहेर. तोच ७१४वा. आठवड्याभराने त्याने खेळ सोडला.