युद्धाच्या दिवसांत घरापासून लांब असताना घरची खबर कशी कळायची? एखादा प्रसंग सांगाल का?

मी १९७१ चं सांगतो. त्याआधीच्या लढायांत मी शाळेत होतो, घरीच होतो.

त्या डिसेंबरात मी भिलाईच्या पोलाद कारखान्यात नुकता लागलेलो. आई-बाबा गिरगावात, चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर. फोन खालच्या वाण्याकडे. ३ तारखेला, शुक्रवारी संध्याकाळी पाकिस्तानने आपल्या विमानतळांवर बॉम्ब टाकले आणि मध्यरात्रीनंतर इंदिरा गांधी रेडिओवर बोलल्या. सकाळी ट्रंक कॉल लावायला पोस्टात गेलो. दिवसभर बाकावर बसून होतो, लाइन काही मिळाली नाही. तार करायची आमच्यात पद्धतच नव्हती. तार आली की आधी रडून घ्यायचं, मग ती उघडायची, असा आमच्या चाळीचा शिरस्ता. राहिलं पत्र.

आईचं पत्र १३ तारखेला आलं. लिहिलेलं ५ तारखेचं. निळं आंतरदेशीय, त्यावर पूर्व बंगालच्या निर्वासितांसाठीचं पाच पैशांचं जादा तिकीट. १५ नोव्हेंबरपासून ते सक्तीचं झालं होतं, पोस्टकार्डाला माफी होती. पत्र अजून माझ्याकडे आहे. घडीवर फाटलंय, पण वाचता येतं.

आता तुम्हाला वाटेल, मुंबईत भोंगे वाजतायत तर पत्रात युद्धच असणार. छे! पत्रभर प्रवास.

झालं होतं असं, की धाकट्या बहिणीचं, बेबीचं, नोव्हेंबरात लग्न झालं होतं आणि नव्या जोडप्याला दत्तजयंतीला नरसोबाच्या वाडीला न्यायचं आईने बोललेलं होतं. मामाची फियाट. मामा, मामी, त्यांची दोन मुलं, आई, बाबा आणि बेबी, अशी सात माणसं. जावई नेव्हीत. ते का नव्हते, ते पुढे येईल. आईनेही पुढेच लिहिलंय.

"चि. बाळ यास आईचे अनेक आशीर्वाद. वि. वि. आम्ही काल रात्री सव्वाबाराला सुखरूप पोचलो. अंग अगदी आंबून गेले आहे." मग सुरू. वाडीला गर्दी इतकी की पालखीचं दर्शन दुरूनच. मामाच्या धाकट्याने बासुंदी खाल्ली आणि कराडपर्यंत तीन वेळा गाडी थांबवायला लावली. रात्री साताऱ्यात मुक्काम, तिथेच सकाळी चहाच्या वेळी लढाई सुरू झाल्याचं कळलं. खंबाटकीच्या चढावर गाडीतून वाफा निघाल्या. जवळपास पाणी नाही. शेवटी वाडीहून आणलेलं कृष्णेचं तीर्थ रेडिएटरमध्ये ओतलं. "मामा म्हणतो, गाडी पावन झाली. मला मात्र चुटपूट लागून राहिली आहे." पुण्यात मेकॅनिकने अंधार पडेपर्यंत अडकवून ठेवलं. खोपोलीला पोलिसांनी अडवून दिव्यांची वरची अर्धी काच झाकायला सांगितली. काळा रंग होता कुणाकडे? मामाने रस्त्याकडेचा चिखल थापला. मग पनवेल, मुंब्रा, ठाणे (वाशीचा पूल तेव्हा व्हायचा होता) सगळा रस्ता गोगलगाईसारखा. "पौर्णिमा परवाच झाली. वर चंद्र भाकरीएवढा आणि खाली हे म्हणतात दिवा झाका."

आई त्या चिखलाच्या दिव्यांवर मुंबईकडे येत होती त्याच रात्री आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराची बंदरावर हल्ला केला. ४ डिसेंबरला नौदल दिन असतो तो त्यामुळेच. आमच्या गाडीतल्या सात जणांना अर्थातच याचा पत्ता नव्हता.

पुढचा मजकूर वांग्यांचा. कृष्णाकाठची वांगी म्हणजे आईचा जीव की प्राण. अर्धं पोतं आणलं होतं, डिकीत दबून निम्मी फुटली. टाकवेनात म्हणून रविवारी संध्याकाळी तिने गॅलरीत शेगडी पेटवून भरीत करायला घेतलं. वांग्याचं साल तडतडलं, ठिणग्या उडाल्या आणि खालून ब्लॅकआउटवाल्या पोराची शिट्टी: "तिसरा मजला, उजेड!" आईने घमेलं पालथं घातलं, भरीत धुरकटलं. "तो पोरगा वरपर्यंत आला. त्याला भाकरी आणि भरीत दिले. म्हणाला, काकू, मीठ कमी आहे." पत्र तिने मोरीत लिहिलं होतं, दार लावून, मेणबत्तीवर. एका कोपऱ्यात मेणाचा थेंब आहे, तिथली शाई अजून गडद आहे.

चिकटवायच्या पट्टीवर, आडव्या बारीक अक्षरात, उरलेल्या जागेत तेवढं युद्ध:

"इकडे रात्री भोंगा होतो. सगळे जिन्याखाली जातो, तुझे बाबा उठत नाहीत. खिडक्यांना खाकी कागद लावले. जावईबापू वाडीला आले नाहीत. आम्ही निघायच्या आदल्या दिवशी बोटीवरून बोलावणे आले. कुठे ते विचारू नका म्हणाले. बेबी नीट जेवते."

बेबी नीट जेवते. आमच्या आईने कोण नीट जेवतं हे आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं. जेवत नसेल तरच लिहायची.

आणि हे मी वाचलं तेव्हा आयएनएस खुकरी बुडाल्याची बातमी मला कळलेली होती. ९ तारखेच्या रात्री दीवच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडीने तिच्यावर टॉर्पेडो सोडले. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. मी लग्नाला दोन दिवसांच्या रजेवर गेलो होतो. जावयांशी बोललो ते रेल्वेच्या आरक्षणाबद्दल. ते कुठल्या जहाजावर आहेत, हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं. आता विचारणार कुणाला? आईला पत्र टाकून विचारावं, तर तिला खुकरीचं ठाऊक नसेल तर मीच कळवल्यासारखं. शेवटी उत्तरात मी भरताची चौकशी केली, मीठ वगैरे. जावयांबद्दल "त्यांना नमस्कार सांग" एवढंच लिहिलं आणि ते लिहितानाही हात थांबला.

१६ ला ढाक्यात शरणागती झाली, दुसऱ्या दिवशी पश्चिमेकडेही युद्ध थांबलं. कारखान्यात पेढे वाटले. मी घेतला, खिशात ठेवला, तो खिशातच चुरा झाला.

नाताळच्या सुमारास पोस्टकार्ड आलं. कार्ड, म्हणून निर्वासितांचं तिकीट नाही. कार्डाची उलटी बाजूसुद्धा पुरी भरली नव्हती:

"चि. बाळ, जावईबापू मंगळवारी आले. वाळले आहेत. दोन दिवस नुसते झोपून होते. आता परत वाडीला जायचे म्हणते, पण एस.टी.ने. वांगी संपली."