तुमचे प्रश्न: पांढरा कोट, फोमचं चिलखत आणि उभे न राहणारे केस

मागच्या अंकात कॉस्प्लेचा, म्हणजे अॅनिमे (जपानी अॅनिमेशन) वगैरेंमधल्या पात्रांसारखा वेश करण्याचा, नुसता उल्लेख काय केला, तुमच्या प्रश्नांचा ढीगच लागला. सगळे घेणं शक्य नाही, त्यामुळे जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले तेच घेतलेत.

ताई, मला एका अॅनिमे पात्राचा पोशाख स्वतःच्या हाताने करायचाय. गुडघ्याखाली जाणारा पांढरा कोट, त्याला रुंद सोनेरी काठ, उभी कॉलर, एका खांद्यावर चिलखत. हातात दोन महिने आहेत. मशीनवर सरळ टीप मारता येते, बाकी शून्य. कापड आणून सुरुवात करू का?
— सरळ टीपवाली

अगं थांब, कापड नको आणूस अजून! आधी त्या पात्राची चित्रं जमव, समोरून, मागून, बाजूने, बसलेलं, पळताना, जे मिळेल ते. मग तुझ्या लक्षात येईल की एकाच एपिसोडमध्ये काठ कधी दोन बोटं असतो कधी चार, पाच बटणांची सहा होतात आणि पाठीमागची चीर तर मधेच गायब होते, कारण चित्र काढणाऱ्याला तेच हजार वेळा काढायचं असतं आणि कापडाला वजन असतं याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. अॅनिमे बनवताना पात्राची सगळ्या बाजूंनी काढलेली एक शीट असते, सेत्तेई म्हणतात तिला, ती आर्टबुकमध्ये मिळाली तर सोनंच. नाहीच मिळाली तर कुठलं चित्र खरं मानायचं ते तू एकदा ठरव आणि मग शेवटपर्यंत त्यालाच धरून राहा, नाहीतर दर आठवड्याला काठाची रुंदी बदलत बसशील.

मग स्वतःचा समोरून उभा फोटो काढ आणि त्याच्यावरच पेनाने कोट काढून बघ. अॅनिमेतल्या माणसांचे पाय माणसांचे नसतातच, लांबलचक असतात, त्यामुळे कोटाची कंबर तुझ्या खऱ्या कमरेपेक्षा दोन-तीन सेंटीमीटर वर घेतलीस की पाय आपोआप लांब दिसतात. हे एवढंसं केलं तरी फोटोत पात्र ओळखू येतं, मग बटणं एखाद्या सेंटीमीटरने इकडेतिकडे झाली तरी कोणी बघत नाही.

आता मांजरपाट आण. अंगाला नीट बसणारा एखादा जुना कोट किंवा शर्ट असेल तर त्याच्यावरून माप काढून मांजरपाटाचा कच्चा कोट बेत, लांब टाक्यांनी शीव, घाल, आरशासमोर हात वर कर, खाली बस, जिथे ओढतंय तिथे पेनाने खुणा कर, काप, जोड, परत घाल. मनासारखा झाला की उसवून टाक, ते उसवलेले तुकडे म्हणजेच तुझा पॅटर्न. कंटाळवाणं आहे हे मान्य, पण बिघडायचं ते सगळं इथेच बिघडू दे, चांगल्या कापडावर नको.

कापड घेताना हात सॅटिनकडे जाणार, जाऊ देऊ नकोस. सॅटिनवर प्रत्येक सुरकुती दिसते आणि फ्लॅश पडला की कोट चमकतो, पात्र बाजूलाच राहतं. गॅबर्डिन किंवा ट्विलसारखं जरा वजनदार, मंद कापड घे, चमक फक्त काठाला ठेव. रंग दुकानातल्या दिव्याखाली नाही, उन्हात नेऊन बघ. बेतायच्या आधी धुऊन इस्त्री कर म्हणजे आटायचं ते आटून जाईल. पांढऱ्याला अस्तर हवंच, नाहीतर आतले सगळे दाब बाहेरून दिसतात. कॉलरला आतून बकरम, म्हणजे ते कडक कापड, घातल्याशिवाय ती उभी राहणार नाही, आणि कोटाचा घेर वाऱ्यावर उडाल्यासारखा हवा असेल तर खालच्या कडेत क्रिनोलिनची कडक जाळीदार पट्टी घाल.

काठाचं म्हणशील तर सरळ पट्टी वळणावर बसतच नाही, चुण्या पडतात. काठ बारीक असेल तर उरेब म्हणजे कापडावर तिरकी पट्टी काप, ती वळते. पण तुझा काठ रुंद आहे, तिथे उरेबही कुरकुरते, त्यामुळे काठाचा तुकडा कोटाच्या कडेच्याच आकारात बेत, मागून फ्युजिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) लाव आणि मग टीप मार. सरळ टीपच लागते, घाबरू नकोस. शेवटचे आठ-दहा दिवस मात्र मोकळे ठेव, सगळं अंगावर चढवून जिने चढून बघायला आणि हो, बाथरूमला जाऊन बघायला. हसू नकोस, लोक हेच विसरतात.

फोमचं चिलखत केलं, दिसत होतं मस्त, पण हात हलवला की जोड उघडतात आणि रंगाला तडे जातात. फोमच वाईट होता का?
— तडकलेला योद्धा

फोमला कशाला दोष देताय! जोड उघडतात म्हणजे एकतर हॉट ग्लू वापरलाय, जो उन्हात किंवा बंद गाडीत मऊ पडतो, नाहीतर कॉन्टॅक्ट सिमेंट, म्हणजे जरा सुकल्यावर जोडायचं ग्लू, ओलं असतानाच चिकटवलंय. ते दोन्ही कडांना लावायचं, पातळ, आणि मग हात बांधून बसायचं. साधारण दहा-पंधरा मिनिटांत बोटाला चिकटेनासं होतं, तेव्हाच जोडायचं. एकदा टेकलं की परत सरकत नाही, म्हणून एका टोकापासून थोडं थोडं दाबत जा. कडा वेड्यावाकड्या कापल्या असतील तर कुठलंच ग्लू तुम्हाला वाचवणार नाही, ब्लेड सतत बदला, बोथट ब्लेड फोम कापत नाही, फाडतं.

तड्यांचं कारण वेगळं. चिलखताचा हा रबरासारखा ईव्हीए फोम म्हणजे हवेचे बारीक बुडबुडे, तो रंग पितो. रंगवायच्या आधी हीट गन (खूप गरम हवा फेकणारं यंत्र) सगळीकडून फिरवा, पृष्ठभाग मॅटचा किंचित तुकतुकीत झाला की बुडबुडे बंद झाले, तिथेच थांबा, पुढे गेलात तर जळेल. गरम असतानाच खांद्याची गोलाई द्यायची आणि गार होईपर्यंत धरून ठेवायची, तो आकार टिकतो. मग रबरासारखा लवचिक बेस कोट, तीन-चार पातळ हात, प्रत्येक हात वाळल्यावरच पुढचा. त्यावर अॅक्रिलिक. खाचांमध्ये काळा रंग भरून लगेच पुसून घ्या, कडांवर जवळजवळ कोरड्या ब्रशने चांदी फिरवा, धातू दिसायला लागतो. आणि जाडी बघून घ्या, काठाच्या नक्षीला 2 मिमी, अंगावरच्या भागांना 5-6, फक्त ठोकळ्यांना 10. कोपर आणि काखेजवळ 10 मिमी घातला असेल तर रंग कुठलाही लावा, तडकणारच.

माझा मुलगा खोलीचं दार लावून रात्र रात्र ते फोम चिकटवत असतो. वासाने माझं डोकं दुखतं. तो म्हणतो मास्क लावलाय. पुरेसं आहे का?
— एक आई

नाही, पुरेसं नाही. त्याने लावलाय तो बहुतेक धुळीचा मास्क असणार, तो फोम घासताना कामाचा आहे, पण ग्लूची वाफ त्यातून सरळ आत जाते. वाफेसाठी ऑरगॅनिक व्हेपरची (म्हणजे अशी वाफ शोषून घेणारी) कार्ट्रिज असलेला रबरी मास्क लागतो आणि खिडकी सताड उघडी लागते, खरं तर गच्चीत किंवा बाल्कनीत बसलेलंच बरं. दुसरं म्हणजे ती वाफ पेट घेते, त्यामुळे ग्लू उघडं असताना शेजारी हीट गन नको म्हणजे नकोच. कॉस्प्ले बंद करू नका हो, दार उघडायला लावा.

विगचे केस टोकदार उभे राहत नाहीत. स्प्रेचा अख्खा डबा संपवला!
— लोळलेली टोकं

डबा बाहेरून मारलात, म्हणून लोळले. टोक मुळापासून उभं राहतं. विग डोक्याच्या ठोकळ्यावर पिनांनी पक्का करा, दोन बोटांएवढी बट घ्या, मुळाशी कंगवा उलटा मारून गुंता करा, तिथे स्प्रे, मग ड्रायर गरम करून दाबून धरा आणि तसंच धरलेलं असताना गार हवा सोडा. त्यानंतर टोक बोटांनी पिळून वर स्प्रे. विग उष्णता सहन करणाऱ्या फायबरचाच हवा, साधं सिंथेटिक वितळतं, आणि तेही आधी आतली एखादी बट घेऊन तपासा. फार मोठं टोक असेल तर आत फोमचा हलका सुळका घालून वरून केस चिकटवायचे, नुसत्या स्प्रेवर एवढं वजन पेलत नाही.

सहा फुटी तलवार करतोय, आत लोखंडी सळई घालू का?
— तलवारबहाद्दर

अजिबात नको. दारातच अडवतील, खरा धातू बहुतेक कॉस्प्ले कार्यक्रमांत चालत नाही, नियम आधी वाचा. पीव्हीसी पाइप घाला आणि मधे जोड ठेवून दोन तुकड्यांत सुटेल अशी करा, नाहीतर ती रिक्षात शिरणार कशी?