नर्मदा परिक्रमेला निघताय? तक्ता घरीच ठेवा
रोज किती किलोमीटर, मुक्काम कुठे, असा तक्ता करून निघालात तर ४-५ दिवसांत फाडाल. मीही फाडला. नर्मदा उजव्या हाताला ठेवायची, पात्र ओलांडायचं नाही, एवढं पाळा. दुपार कलली की दिसेल त्या आश्रमात थांबा, पुढचा 'जवळच आहे' असं कुणी म्हणालं तरी. (गावकऱ्यांचं जवळ म्हणजे आपले २ तास!) नर्मदा समुद्राला मिळते तिथे, दक्षिण काठावरच्या विमलेश्वरला तर घाई चालतच नाही. समुद्रातून वळसा घालून उत्तर काठावरच्या मिठीतलाईला नेणारी नाव भरती बघून सुटते, तुमची रजा बघून नाही. तिथे २ दिवस हाताशी ठेवा, परतीचं तिकीट आधी काढू नका. पायाला फोड आला तर दिवसभर बसून राहा. चातुर्मासात मात्र चालत नाहीत, तेवढं पंचांग बघूनच निघा.