आईंचा चहा बंद करू नका, त्याची वेळ बदला

तुम्ही लिहिलंय की आईंचं वय ४६, हिमोग्लोबिन ९ वर आलंय, लोहाच्या गोळ्या चालू आहेत आणि दिवसाला सहा कप चहा होतो. काका म्हणतात चहा म्हणजे विष, बहीण म्हणते त्यात अँटीऑक्सिडंट असतात. हा वाद बाजूला ठेवा आणि आई चहा नेमका कधी घेतात ते दोन दिवस बघा.

मी आहारतज्ज्ञ आहे, बरीच वर्षं तालुक्याच्या गावी काम करते. रक्त कमी असलेल्या बायकांना दिवसभराचं खाणं विचारलं की बहुतेकींचं सारखंच निघतं. उठल्या उठल्या चहा. सगळ्यांचे डबे भरून झाले की रात्रीची चपाती चहात बुडवून. दुपारचं जेवण उरकलं की लगेच अर्धा कप. म्हणजे पोटात जे काही लोह जातं, त्याच्यासोबत चहा असतोच.

चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं. मेथी, मटकी, हरभरा, बाजरी यांतलं लोह मुळातच अंगी कमी लागतं, त्यात जेवणासोबत चहा घेतला की ते निम्म्याहूनही कमी होऊ शकतं. दूध घातल्यानं फारसा फरक पडत नाही. मटण-कलेजीतल्या लोहावर हा परिणाम बराच कमी होतो, पण ते रोज कुणाच्या घरी शिजतं? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला होता. त्याचं सगळं खापर चहावर फोडणं चूक आहे. पण आधीच ताटात कमी असलेलं लोह असं वाया जावं, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून जेवणाच्या आधी एक तास आणि नंतर एक तास चहा नको. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनंही २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत हेच सांगितलंय. सकाळी चहा आधी होऊ दे, नाश्ता तासाभरानं. जेवताना लिंबू पिळा किंवा आवळा खा, त्यातल्या क जीवनसत्त्वानं लोह चांगलं शोषलं जातं. लोहाची गोळी चहा किंवा दुधासोबत अजिबात नको, कॅल्शियमची गोळीही वेगळ्या वेळी.

साखरेचा हिशेबही करा. कपाला दोन चमचे धरले तर सहा कपांत पन्नासेक ग्रॅम साखर होते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला साधारण २५ ग्रॅमच्या आत राहणं उत्तम मानते, आणि त्यात मिठाई-बिस्किटातली साखरही आली. एकदम बिनसाखरेचा चहा कुणाला जमत नाही, दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा. गूळ घातला म्हणून सूट मिळत नाही.

कॅफिनचं म्हणाल तर १५० मिलिलिटरच्या कपात ३० ते ६५ मिलिग्रॅम असतं आणि दिवसाची मर्यादा ३०० धरतात. तीन-चार कपांवर आणलंत तर काळजी नाही. झोप लागत नसेल तर संध्याकाळचा कप आधी सोडा. गरोदर बाईनं मात्र याहून कमी घ्यावा.

बहिणीचं म्हणणंही अगदी पोकळ नाही. ब्रिटनमध्ये सुमारे पाच लाख लोकांच्या पाहणीत (२०२२) रोज दोन किंवा जास्त कप आपल्या नेहमीच्या चहापत्तीचा चहा पिणाऱ्यांत मृत्यूचा धोका थोडा कमी दिसला, दूध घालणाऱ्यांतही. चहामुळेच तसं झालं हे त्यातून सिद्ध होत नाही, पण चहाला विष म्हणायला आधार नाही. फक्त वाफाळता घशाखाली ओतू नका, ६५ अंशांपेक्षा गरम पेयांचा संबंध अन्ननलिकेच्या कर्करोगाशी आढळला आहे.

लहान मुलांची चहा-चपाती मात्र आजच थांबवा, याबाबत मी कुणाचं ऐकत नाही.

आणि आईंना पाळीत रक्तस्राव जास्त होतो का, शौचाला काळं होतं का, जंत आहेत का, हे डॉक्टरांना नक्की विचारा. लोहाच्या गोळीनंही शौचाचा रंग काळा होतो, म्हणून गोळी चालू असल्याचं त्यांना सांगा. रक्त कुठून जातंय हे कळलं नाही तर नुसती चहाची वेळ बदलून ९ चे १२ होणार नाहीत.