माडीवरच्या बंद खोलीबद्दल

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या कादंबरीचं हस्तलिखित वाचून झालं. आधी वाचक म्हणून सलग वाचलं, मग पेन्सील घेऊन बसलो. समासात बऱ्याच रेघा दिसतील, त्यांना भिऊ नकोस. तू लिहितोस चांगलं. माणसं वाईकडची वाटतात, आणि आजी पानावर आली की मी सावरून बसत होतो. म्हणूनच जरा कडक लिहितोय.

तुझ्या वाड्यात भीती फार आहे आणि वाडा कमी. पहिल्याच प्रकरणात अमावास्या, गेलेली वीज, पिंगळ्याचं ओरडणं, माडीवरचं गंजलेलं कुलूप, सगळं एकदम आलं आहे. अरे, कृष्णाकाठी पावसाळ्यात वीज गेली तर कोणी दचकत नाही. "गेली वाटतं" म्हणतात आणि काडेपेटी चाचपतात. हे तुझ्या वाचकालाही ठाऊक आहे. वीज जाऊन तो घाबरणार नाही. त्याला माहीत असलेल्या घरातली एखादी रोजची गोष्ट जागची हलली, तर घाबरेल.

तेव्हा आधी वाडा नीट बांध. देवडीत कोण बसतं, ओसरीवरून आत कोणाला येऊ देत नाहीत, माजघरातलं बोलणं परसात ऐकू जातं का, हे तुला झोपेत सांगता आलं पाहिजे. कडीपाटाचंच बघ. तुळया, त्यावर कड्या, त्यावर फळ्या आणि वर मातीचा थर. माडीवर कोणी चाललं की खालच्या पंगतीत फळ्यांच्या फटीतून बारीक माती पडते. तुझी नायिका जेवत असताना भातावर माती पडू दे. शेजारी बसलेल्या काकाने न बोलता तेवढा भात बोटाने बाजूला काढू दे आणि वरण मागू दे. पुरे. पिंगळा काढून टाक. भिंतीतलं बळद तू वापरलंच नाहीस याचंही आश्चर्य वाटलं. हातभर जाडीच्या भिंतीत धान्य साठवायची पोकळी आयती मिळाली असताना कागद ट्रंकेत कशाला ठेवतोस?

आता मुख्य मुद्दा. तुझ्याकडे शेवटी कळतं की आत्याआजी वेडी होती, तिला कोंडून ठेवलं आणि ती तिथेच मेली. कारण तू देतोस, 'घराण्याची अब्रू'. मला हे पटलं नाही. चाळीस वर्षं सातारा जिल्ह्यात दिवाणी दावे चालवले. अब्रू हा शब्द लोक वकिलासमोर पहिल्या दिवशी काढतात. तिसऱ्या तारखेला सातबारा काढतात. प्रेमापोटी किंवा लाजेपोटी ठेवलेलं गुपित एका पिढीत विरून जातं. ज्याच्यावर जमीन उभी आहे ते गुपित रोज उठून सांभाळावं लागतं, आणि तुझ्या कादंबरीला हवं आहे ते हे रोजचं सांभाळणं.

म्हणून आत्याआजी नको. ती आजीची जाऊ कर, धाकट्या दिराची बालविधवा. तिला माई म्हणू. आणि काळ १९५७ च्या आसपासचा धर.

का, ते सांगतो. १९४८ च्या मुंबई कुळवहिवाट कायद्यात पुढे दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी जमीन कसणारं कूळ कायद्याने तिचा खरेदीदार मानलं गेलं. वाड्यात बसून खंड घेणाऱ्यांच्या पायाखालची जमीन त्या तारखेला सरकली. पण कायद्यात एक फट होती. जमीनमालक विधवा असेल, अज्ञान म्हणजे वयाने लहान असेल किंवा मनाने वा शरीराने अपंग असेल, तर कुळाचा खरेदीचा हक्क पुढे ढकलला जाई. विधवेच्या बाबतीत तिचा जमिनीतला हक्क संपेपर्यंत, आणि त्यानंतर तिच्या वारसाला नोटिशीसाठी वर्षभर. एकत्र कुटुंब असेल तर तिचा हिस्सा ३१ मार्च १९५८ च्या आत सरस-निरस मानाने, म्हणजे जमिनीचा कस बघून, मोजून वेगळा काढलेला असणं भाग होतं.

कायदा विधवांना आधार म्हणून केला होता, आणि पुष्कळ जणींना तो झालाही. आता तुझ्या वाड्यात बघ. जिला आयुष्यभर पंगतीत ताट मिळालं नाही, तिच्या नावावर एका सकाळी मळ्याची चौदा एकर चढते. मामलेदार कचेरीतून आलेल्या माणसासमोर तिला ओसरीवर पाट मिळतो. तिला वाटतं, आपल्याला कोणीतरी माणूस म्हणून मोजलं. हा प्रसंग पूर्ण लिही, घाई करू नकोस. तिने पदर सारखा करून अंगठा पुढे केला, शाईचा अंगठा पुसायला मोठ्या जावेने आपलं जुनं लुगडं फाडून चिंधी दिली, इतकं बारीक. वाचकाला तिथे आनंद व्हायला हवा.

आणि चार-पाच वर्षांनी माई तापाने मरते. कोणी मारत नाही. खून नको, खुनाने सगळं सोपं होतं. ती मेली की कुळाचा हक्क जागा होणार. म्हणून त्या रात्री थोरला दीर ठरवतो की ती मेलेली नाही.

इथून तुझी कादंबरी सुरू होते. मेलेलं माणूस जिवंत ठेवायला घरातल्या एका बाईला काय काय करावं लागेल, याचा विचार कर. दोन्ही वेळा ताट वाढून माडीवर न्यायचं, नाहीतर भांडी घासणारीच्या लक्षात येईल. ते अन्न कोणीतरी संपवायचं. आजी दाराला आतून कडी घालून ते जेवते. खाली पुन्हा सगळ्यांसमोर स्वतःचं ताट घेऊन बसते. गल्लीतल्यांना खिडकीत माई दिसायला हवी, म्हणून दिवे लागायच्या वेळी आजी वर जाऊन कुंकू पुसते, जावेचं आलवण, म्हणजे विधवेचं लाल लुगडं, नेसते आणि खिडकीपाशी माळ ओढत बसते. नवरा खाली ओसरीवर जिवंत आहे, पान लावतो आहे. मग खाली येऊन पुन्हा कुंकू लावते. हे वर्षानुवर्षं. त्या बाईच्या मनाचं काय होत असेल? एका संध्याकाळी ती खाली आली आणि कुंकू लावायला विसरली, एवढ्या एका वाक्यावर प्रकरण संपव. मराठी वाचकाला पुढे काही सांगावं लागणार नाही.

धर्माचीही गोची आहे, ती सोडू नकोस. माई जिवंत आहे म्हटल्यावर सुतक नाही, दहावा नाही, पिंड नाही. आजी देवभोळी. तिला हे खात राहणार. पितृपक्षात एका तिथीला ती एक पान जास्त वाढते. मुलं विचारतात, "हे कुणाचं?" ती म्हणते, "असंच." हे पान तिसाव्या पानाच्या आसपास ओझरतं येऊन जाऊ दे. वाचक पुढे दोनशे पानांनी मागे वळून ते शोधेल.

माई खाली का येत नाही, याला घरचं उत्तर तयार असतं: डोक्यावर परिणाम झालाय. तुझ्या मसुद्यात 'वेडी' हा शब्द तू खरा धरून चालतोस. १९१२ च्या वेड्यांच्या कायद्याखाली घरच्यांच्या अर्जावरून कोणाला येरवड्याच्या इस्पितळात घालायचं तर दोन डॉक्टरांचे दाखले आणि मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागायचा. घरातच ठेवायचं तर घरच्यांचा शब्द पुरे. म्हणजे जिच्या वेडाचा एकही कागद नाही, तिच्या वेडाबद्दल आपल्याला फक्त एवढंच कळतं की घरच्यांना ते सोयीचं होतं. नायिकेला हे कागद न सापडणं हाच तिचा पहिला धागा कर. तुम्ही रहस्यकथावाले नेहमी सापडलेल्या कागदावर गाडी चालवता. कधीतरी न सापडलेल्यावर चालवून बघा.

नायिकेच्या वडिलांचं पात्र तू फुकट घालवलं आहेस. ते म्हणतात, "मी आत्याला पाहिलंय, तिने मला खडीसाखर दिली होती." तू त्यांना खोटारडं ठरवून मोकळा होतोस. त्यांना खरं बोलू दे. १९९५ साली एलिझाबेथ लॉफ्टस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी आपल्या सहकारी विद्यार्थिनीबरोबर एक प्रयोग प्रसिद्ध केला. चोवीस जणांना त्यांच्या लहानपणच्या हकिकती दिल्या. तीन खऱ्या, नातेवाइकांकडून मिळवलेल्या, आणि एक बनावट: तू लहान असताना बाजारात हरवला होतास. साधारण चौथा हिस्सा लोकांना ती न घडलेली गोष्टही पूर्ण किंवा अर्धवट 'आठवली'. खऱ्या हकिकतींना घरच्यांची साक्ष होती, तिच्या आडून खोटी आत शिरली. नायिकेच्या वडिलांना आजीने लहानपणापासून सांगितलं की माईचा तुझ्यावर किती जीव. त्यांनी खिडकीतली बाई पाहिलीच होती. उरलेली खडीसाखर मनाने भरली. सत्तरीतल्या माणसाकडून त्याच्या लहानपणातली सगळ्यात मायेची आठवण नायिका काढून घेणार का, हा तुझ्या मधल्या शंभर पानांचा ताण आहे. आत्ता तिथे तू तिला तळघरात पाठवतोस. तळघर बुजव.

आणखी एक. तुझ्या कादंबरीत गावच नाही. अरे, माईला नदीवर न्यायला चार खांदे लागले असतील. रात्रीची चिता घाटावरच्या कोणीतरी पाहिली असेल. कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या वहीत, नोंद झाली नाही, म्हणजे ती न करणारा एक माणूस होता आणि त्याची काही किंमत ठरली होती. वाड्याचं गुपित वाड्यातल्या पोरांपासून लपवलेलं असतं. वेशीबाहेरच्या म्हाताऱ्यांना ते नावनिशीवार माहीत असतं. म्हणून नायिकेला कुळाच्या घरी पाठव. मळा कसणाऱ्याची नात तिला चहा देईल आणि सहज म्हणेल, "तुमच्या माई गेल्या त्या साली आमच्या आज्ज्याला सणाला नवं धोतर मिळालं होतं वाड्यावरून. त्याआधी कधी नव्हतं मिळालं." ते लोक गप्प का बसले, याचं एकच एक कारण देऊ नकोस. उचल होती, भीती होती, कोर्टात कोण उभं करणार ही शंका होती, आणि वाड्याविषयी आदरही होता, हे सगळ्यात चीड आणणारं. या कथेत ज्यांची खरोखर लूट झाली ती माणसं मळ्यात राहतात. तुझ्या मसुद्यात ती फक्त दूध घालायला येतात. हे मला सगळ्यात जास्त खटकलं, भाषेच्या चुकांपेक्षाही.

शेवटाकडे येतो. मरणाच्या दारातली आजी नऊ पानं कबुली देते, ती नऊच्या नऊ काढ. अशा बायका कबुली देत नाहीत. फार तर "माडीवरचं ताट झालं का?" असं विचारतील, आणि नायिकेने काय उत्तर द्यायचं ते तू ठरव. पोलीस, छापा, आग, काही नको. आगीने वाडे संपवण्याची आपल्याकडे फार खोड आहे. १९४८ साली गांधीहत्येनंतर तुझ्याच भागात खरोखर वाडे जळले, त्याच्या आठवणी अजून घराघरांत आहेत. त्यावर लिहायचं तर सरळ त्यावर लिही, सोय म्हणून काडी लावू नकोस.

शेवट कागदावर कर. बिल्डर मळा घ्यायला तयार आहे. सातबाऱ्यावर अजून माईचं नाव आहे. वारसनोंद करायची तर मृत्यूचा दाखला हवा. वर्षापेक्षा जुन्या मृत्यूची नोंद करायला दंडाधिकाऱ्याचा हुकूम आणि प्रतिज्ञापत्र लागतं. प्रतिज्ञापत्रात मृत्यूची तारीख लिहावी लागते. घरचे सगळे जमून एक सोयीची तारीख ठरवतात, अगदी चहा पीत, हसतखेळत. सही करायची आहे नायिकेने, कारण शिकलेली तीच. खरी तारीख लिहिली तर मळ्यावर कुळाच्या वारसांचा दावा उभा राहील आणि आजीचा अंगठा माईच्या नावाने किती कागदांवर आहे तेही निघेल. तिने काय लिहिलं ते दाखव. झाकून ठेवून वाचकाला टांगू नकोस, तो आळशीपणा आहे.

हे तुझ्या घरचंच आहे का, मी विचारत नाही. असेल तर गाव बदल, नदी बदल, जमिनीचा आकडा बदल. जावांचं नातं मात्र बदलू नकोस. आणि छापायला देण्याआधी घरातल्या एका वडीलधाऱ्या बाईला वाचून दाखव. पुरुषांना दाखवलंस तर ते कायद्याच्या चुका काढतील. ती तुला सांगेल की आलवण कसं नेसतात ते तू चुकीचं लिहिलंयस.

पहिली साठ पानं दिवाळीच्या आत पाठव. तहसील कचेरीत अभिलेख कक्षात जाऊन १९५७-५८ च्या एखाद्या फेरफाराची नक्कल काढून बघ. जुने कागद मोडीत मिळाले तर माझ्याकडे घेऊन ये, मी वाचून देईन. आणि या वेळी पानांना आकडे घाल. गठ्ठा हातातून पडला तेव्हा लावताना माझा अख्खा रविवार गेला.

तुझा,
वकीलकाका