मेन जेट वाढवून फरक का पडला नाही

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. वरुडकडची संत्र्याची बाग. ११० सीसीच्या एटीव्हीला (चार जाड चाकांच्या, हँडलवाल्या शेतगाडीला) मोठा सिलिंडर-पिस्टन, उघडा कोन फिल्टर, मोकळा सायलेन्सर आणि २६ मिमीचा कार्बोरेटर बसवला. फवारणीची टाकी जोडली की गाडी अर्ध्या थ्रॉटलवर दम सोडते, अंगठा सोडला की सायलेन्सर फटफट करतो आणि प्लग पांढरा निघतो. मेकॅनिकने तीनदा मेन जेट (कार्बोरेटरमधला पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा) वाढवला, फरक शून्य.

फरक पडणारच नव्हता. मेन जेटचा खरा अंमल पाऊण थ्रॉटलच्या पुढे सुरू होतो. तुम्ही २० फुटांच्या ओळीतून २०० लिटर पाणी ओढत सावकाश चालता. दिवसभर तुमचा अंगठा पाव ते अर्ध्याच्या मधेच असतो. त्या पट्ट्यात पेट्रोल मोजते ती निडल, म्हणजे थ्रॉटलबरोबर वरखाली होणारी निमुळती सुई, आणि पाव थ्रॉटलच्या खाली स्लो जेट. शेतातल्या गाडीचं ट्यूनिंग तिथं करायचं. रेसवाल्यांचे व्हिडिओ बघून सगळे मेन जेटच्या मागे लागतात, पण आपण रेस लावत नाही.

पहिलं काम चिकटपट्टीचं. एटीव्हीचा थ्रॉटल अंगठ्याचा, त्याची चाल जेमतेम दोन बोटं, त्यामुळे नुसत्या अंदाजाने पाव कुठे आणि अर्धा कुठे हे कळत नाही. लिव्हरच्या घरावर पांढरी पट्टी लावा. इंजिन बंद ठेवून फिल्टर काढा, आत स्लाइड (थ्रॉटलने उचलली जाणारी सरकती झडप) किती उचलली ते डोळ्यांनी बघत पाव, अर्धा, पाऊण अशा पेनाने रेघा मारा. मग टाकी भरून बागेत चालवा आणि गाडी नेमकी कोणत्या रेघेवर अडते ते पाहा. एवढं केलं की अर्धं निदान झालं.

तिथंच एक चाचणी घ्या. गाडी अडते त्या रेघेवर चोक थोडा ओढा. गाडी सुधारली तर पेट्रोल कमी पडतंय. आणखी बिघडली, काळा धूर आला, तर जास्त होतंय. तुमचा पांढरा प्लग पाहता पेट्रोल कमीच निघेल असं मला वाटतं. उघडा फिल्टर आणि मोकळा सायलेन्सर लावल्यावर इंजिन जास्त हवा घेतं. कार्बोरेटर मात्र आला तसाच बसवलेला असतो.

पण जेटच्या आधी गळती बघा. कार्बोरेटर आणि हेडच्या मधल्या मॅनिफोल्डचं पॅकिंग किंवा ओ-रिंग हवा खेचत असेल तर जगातला कोणताही जेट उपयोगाचा नाही. इंजिन थंड असताना आयडलिंगवर जोडावर साबणाचं पाणी सोडा. आरपीएम बदलला की चोर सापडला. पेट्रोल शिंपडून हे बघणारे मी पाहिले आहेत, कृपा करून तसं करू नका. सायलेन्सरचा हेडकडचा जोडही तपासा. अंगठा सोडल्यावरचा फटफटाट तिथल्या गळतीनेही येतो.

आता निडल. वरचं झाकण उघडून स्लाइड बाहेर काढा. निडलच्या डोक्याशी सहसा पाच खाचा असतात आणि एका खाचेत बारीक क्लिप. क्लिप एक खाच खाली सरकवली की निडल वर उचलली जाते आणि पेट्रोल वाढतं. हे उलटं वाटतं आणि इथंच बहुतेक जण चुकतात. एका वेळी एकच खाच, मग पुन्हा बागेत. क्लिप उडून काळ्या मातीत पडली की सापडत नाही. खाली पांढरं कापड अंथरा.

स्लो जेटसाठी बाजूचा स्क्रू कुठे आहे ते बघा. फिल्टरकडे असेल तर तो हवेचा, बाहेर काढला की पेट्रोल कमी. इंजिनकडे असेल तर पेट्रोलचा, बाहेर काढला की जास्त. इंजिन गरम करून दीड फेऱ्यांपासून सुरू करा आणि आरपीएम सगळ्यात वर जाईल तिथं थांबा. हवेचा स्क्रू एका फेरीच्या आतच नीट बसत असेल तर स्लो जेट लहान आहे, अडीचच्या पुढे जात असेल तर मोठा.

जेट साफ करायला स्टेपलरची पिन किंवा तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक वाढतं आणि वरचा आकडा खोटा होतो. शिवाय मिकुनी आणि केहिन या दोन कार्बोरेटर कंपन्यांचा आकडा एक नव्हे, दोघांची मोजणी वेगळी. एकाच घराण्याचे जेट वापरा.

पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल आहे. शुद्ध पेट्रोलला एक भाग इंधनामागे १४.७ भाग हवा पुरते, या मिश्रणाला साधारण १३.५. म्हणजे त्याच हवेला इंधन सुमारे ९ टक्के जास्त हवं. पूर्वी बरोबर बसलेली सेटिंग आज कोरडी पडते, म्हणजे पेट्रोल कमी पडतं, हे एक कारण.

दुसरं कारण आपल्या हवामानाचं, आणि त्याची किंमत मी मोजली आहे. एका कास्तकाराची अशीच गाडी मी मे महिन्यात ४५ अंशांत लावून दिली. छान चालली. डिसेंबरमध्ये सकाळी १० अंशांत त्यांनी ती टाकी जोडून बाहेर काढली आणि दुसऱ्या आठवड्यात पिस्टन धरला. थंड सकाळची हवा उन्हाळ्यातल्या दुपारपेक्षा जवळजवळ १२ टक्के दाट असते, आणि कार्बोरेटर त्या प्रमाणात पेट्रोल वाढवत नाही. तेव्हापासून मी सेटिंग हिवाळ्याच्या सकाळी करतो आणि उन्हाळ्यात पेट्रोल जास्त होऊन थोडी जड चालली तरी चालवून घेतो. हवेवर थंड होणारं इंजिन, सावकाश चाल, मागे ओझं: अशा गाडीला कोरडं चालवणं म्हणजे पिस्टन जाळणं.

तेव्हा मेन जेट दोन नंबर मागे घ्या, गळती बघा, क्लिप एक खाच खाली करा. नवा प्लग लावून अर्ध्या रेघेवर टाकीसकट दोन-तीन मिनिटं चालवा, थ्रॉटल न सोडता किल स्विच दाबा आणि थंड झाल्यावर प्लग काढा. चीनीमातीचा रंग फिकट चहासारखा दिसला तर थांबा. अजून पांढरा असेल तर क्लिप कोणत्या खाचेत आहे आणि स्क्रू किती फेऱ्यांवर आहे ते लिहा, मग स्लो जेटचं बघू.